पदवी नेमकी कोण देते?

बारावीचा निकाल लागला की सातारा-सांगलीतल्या घरांत एकच चर्चा सुरू होते : कॉलेज कुठले? विद्यापीठ कोणते, हा अभ्यासक्रम कोणी मंजूर केला, तीन-चार वर्षांनी हातात येणाऱ्या कागदावर नाव कोणाचे असेल, हे सहसा कोणी विचारत नाही. हे प्रश्न सुचतात ते नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत, किंवा परगावच्या विद्यापीठात एम.एस्सी.चा प्रवेश अडल्यावर. ज्यांच्या घरातली ही पहिलीच पदवी असते, त्यांना हे आधी सांगणारे कोणी नसते आणि फटका नेमका त्यांनाच बसतो. म्हणून बी.एस्सी.च्या वाटेवरचे काही पक्के गैरसमज इथे सोडवून पाहू.

‘ही पदवी आमच्या कॉलेजची’

कॉलेज शिकवते, पदवी देत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याचे कलम २२ याबाबत स्पष्ट आहे. केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनाच पदवी देता येते. शिवाय पदवीचे नावही मनाला येईल ते ठेवता येत नाही. आयोगाने राजपत्रात जाहीर केलेल्या यादीत ते असावे लागते.

सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाकडे पाहिले की हे चटकन उमगते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने ते १९१९ साली सुरू केले, तेव्हा तिथल्या पदवीधरांना मुंबई विद्यापीठाची पदवी मिळे. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ आले, त्याच वर्षी जुन्या सातारा जिल्ह्यातून ‘दक्षिण सातारा’ वेगळा निघाला (त्याचे ‘सांगली’ हे नाव १९६० चे), आणि पदव्या पुण्याच्या झाल्या. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले, आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले, आणि मग पदव्या कोल्हापूरच्या झाल्या. एकाच घरातल्या आजोबा, वडील आणि नातवाने एकाच कॉलेजात रसायनशास्त्र शिकावे आणि तिघांच्या प्रमाणपत्रांवर तीन विद्यापीठे असावीत, हे सांगलीत सहज घडू शकते.

आज कराडसारख्या एका गावातही हेच दिसते. सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालयात बी.एस्सी. केले तर पदवी शिवाजी विद्यापीठाची. शासकीय कृषी महाविद्यालयात शिकले तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची. कृष्णा अभिमत विद्यापीठात शिकले तर त्यांची स्वतःची. तिकडे मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातली पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. जिल्ह्यावरून विद्यापीठ ठरवू नये. प्रवेश अर्जाच्या पहिल्या पानावर ते लिहिलेले असते, तिथेच वाचावे.

‘सायन्स फॅकल्टीचे डीन पदवी मंजूर करतात’

हा समज सर्वांत खोलवर रुजलेला आहे. त्यामुळे निकाल अडला तरी पालक अधिष्ठात्यांची केबिन शोधत कोल्हापूरला जातात. एक पूर्ण दिवस आणि एसटीचे भाडे खर्चून हाती काहीच लागत नाही, कारण तो विषय त्या टेबलावरचा नसतोच.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याने प्रत्येक विद्यापीठात चारच विद्याशाखा ठेवल्या : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. म्हणजे निव्वळ ‘सायन्स’ची वेगळी विद्याशाखा आता नाही. बी.एस्सी. आणि अभियांत्रिकी एकाच छताखाली आहेत. १९९४ च्या कायद्यात अधिष्ठाता निवडून येत असे. आता तो निवड समितीमार्फत नेमलेला पूर्णवेळ अधिकारी असतो.

अभ्यासक्रमाची वाट मात्र खालून वर जाते. सुरुवात होते अभ्यास मंडळापासून. रसायनशास्त्राचे वेगळे, वनस्पतिशास्त्राचे वेगळे, असे विषयवार मंडळ असते. त्यात विद्यापीठाच्या विभागप्रमुखांबरोबर संलग्न महाविद्यालयांतले विभागप्रमुख आणि शिक्षकही बसतात. ‘कोल्हापूरवाले ठरवतात आणि आपल्यावर लादतात’ हे वाक्य स्टाफरूममध्ये फार ऐकू येते, पण तासगाव, विटा, फलटणचे प्राध्यापक त्या मंडळावर जाऊ शकतात. कोणत्या सत्रात काय शिकवायचे, प्रात्यक्षिके कोणती, संदर्भग्रंथ कोणते, हे मंडळ सुचवते. तिथून मसुदा विद्याशाखेकडे जातो. अधिष्ठाता अध्यक्षस्थानी असतात आणि वेगवेगळ्या विषयांचे मसुदे एकमेकांशी जुळतात का, श्रेयांकांचा हिशेब नियमात बसतो का, हे तिथे पाहिले जाते. विद्याशाखा शिफारस करते. शिक्कामोर्तब करते ती विद्यापरिषद, आणि तिचे अध्यक्ष असतात कुलगुरू. पदवीच नवी सुरू करायची असेल, तर विषय पुढे व्यवस्थापन परिषदेपुढे जातो.

बैठकीची वाट पाहण्याइतका वेळ नसेल तर कुलगुरू तातडीचा अधिकार वापरून संबंधित प्राधिकरणाच्या वतीने निर्णय घेऊ शकतात, मात्र तो नंतर त्या प्राधिकरणापुढे ठेवावा लागतो. ही तरतूद हवीच. पण जूनमध्ये वर्ग सुरू आणि अभ्यासक्रम मात्र अशा तातडीच्या मंजुरीवर, असे दरवर्षी होऊ लागले तर मंडळांतल्या चर्चेला अर्थ उरत नाही. शिक्षकाला नव्या प्रात्यक्षिकाची तयारी करायला उन्हाळ्याची सुट्टी मिळायला हवी.

आणि निकाल? गुण, निकाल, पुनर्मूल्यांकन यांतले काहीही विद्याशाखेकडे येत नाही. ते काम परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे आणि त्या विभागाच्या संचालकांचे. कायद्याप्रमाणे शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लागला पाहिजे.

‘अभ्यासक्रम मंजूर आहे, म्हणजे आमच्या गावात चालतो’

इथे मुलांचे खरे नुकसान होते, म्हणून जरा सविस्तर.

मंजुरी दोन वेगळ्या गोष्टींची असते. एक मंजुरी अभ्यासक्रमाच्या आशयाची, जी वर सांगितलेल्या वाटेने मिळते. दुसरी, तो अभ्यासक्रम अमुक महाविद्यालयात चालवण्याची. ही दुसरी विद्याशाखा देत नाही. विद्यापीठाचा पाच वर्षांचा बृहत आराखडा असतो. कोणत्या तालुक्यात काय हवे, ते त्यात ठरते. संस्था प्रस्ताव देते, विद्यापीठ छाननी करून तो शासनाकडे पाठवते आणि नव्या महाविद्यालयाला किंवा नव्या अभ्यासक्रमाला अंतिम परवानगी राज्य शासन देते. त्यानंतर विद्यापीठाची संलग्नता समिती प्रयोगशाळा, शिक्षक, ग्रंथालय पाहून संलग्नता देते. ती बहुधा ठराविक मुदतीची असते आणि ठराविक विद्यार्थिसंख्येपुरतीच असते.

म्हणजे समजा, संगणकाशी जोडलेला एखादा नवा बी.एस्सी. अभ्यासक्रम विद्यापरिषदेने मंजूर केला आहे. कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात तो चालतोही. तरीही खानापूर किंवा माण तालुक्यातल्या महाविद्यालयाला त्याची परवानगी असेलच असे नाही. चौकातल्या फ्लेक्सवर ‘प्रवेश सुरू’ लिहिले असेल आणि परवानगीचे पत्र अजून मंत्रालयातून यायचे असेल. मुलाने प्रवेश घेतला, फी भरली, वर्गात बसला आणि परवानगी आलीच नाही, तर त्याची पात्रता निश्चित होत नाही, परीक्षेचा अर्ज अडतो. दोष संस्थेचा, वर्ष मुलाचे जाते.

बी.सी.ए.ची गोष्ट आणखी वेगळी आहे. २०२४-२५ पासून या अभ्यासक्रमाला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचीही मान्यता लागते आणि राज्यात त्याच्यासाठी सीईटी सुरू झाली. मोठ्या भावाने बारावीच्या गुणांवर प्रवेश घेतला म्हणून धाकटीलाही तसाच मिळेल, या भरवशावर राहू नये.

प्रवेशाच्या वेळी ऑफिसात सरळ विचारावे : या वर्षीचे संलग्नतेचे पत्र दाखवा, मंजूर विद्यार्थिसंख्या किती, तुकडी अनुदानित की विनाअनुदानित? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगले महाविद्यालय ते पत्र फलकावर लावते. आणि ज्या ठिकाणी हा प्रश्न विचारल्यावर ‘तुम्हाला काय करायचंय’ असे उत्तर मिळते, तिथे फी भरण्याची घाई करू नये.

‘स्वायत्त कॉलेज स्वतःची पदवी देते’

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय स्वायत्त आहे, कराडचे गाडगे महाराज महाविद्यालयही आहे. स्वायत्त महाविद्यालयाचे स्वतःचे अभ्यास मंडळ असते, स्वतःची विद्यापरिषद असते, परीक्षा आणि निकालही त्याचेच. विद्यापीठाचे प्रतिनिधी त्या मंडळांवर असतात. पण पदवी विद्यापीठाचीच. प्रमाणपत्रावर महाविद्यालयाचे नाव छापलेले असते, एवढ्यावरून गोंधळ होतो. याचा व्यावहारिक अर्थ असा, की गुणपत्रकातली चूक कॉलेजच्या परीक्षा विभागात दुरुस्त होते आणि पदवी प्रमाणपत्रातली कोल्हापुरात.

साताऱ्यात मात्र २०२१ पासून चित्र बदलले आहे आणि ते अजून पुष्कळांच्या ध्यानात आलेले नाही. रयत शिक्षण संस्थेची तीन महाविद्यालये, म्हणजे यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी महाविद्यालय आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय, एकत्र येऊन कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. हे समूह विद्यापीठ आहे. ‘हे खासगी आहे, पदवी चालेल का?’ अशी कुजबुज गावोगावी ऐकू येते. ते २०१६ च्याच अधिनियमाखाली स्थापन झालेले राज्य सार्वजनिक विद्यापीठ आहे. मुंबईचे होमी भाभा राज्य विद्यापीठही याच प्रकारातले. पदवी देण्याचा त्याचा अधिकार आणि शिवाजी विद्यापीठाचा अधिकार कायद्याच्या नजरेत सारखाच. १९१९ साली काले गावात सुरू झालेल्या, कमवा आणि शिका सांगणाऱ्या संस्थेच्या महाविद्यालयांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला, ही सातारकरांनी छातीठोकपणे सांगावी अशी गोष्ट आहे.

खोटी विद्यापीठे असतात, आणि त्यांची यादी आयोग वेळोवेळी प्रसिद्ध करतो. महाराष्ट्रातले नागपूरचे एक नाव वर्षानुवर्षे त्या यादीत आहे. १९५६ च्या कायद्यात अशा फसवणुकीला दंड आहे तो जास्तीत जास्त एक हजार रुपये. मुलांच्या तीन वर्षांची ही किंमत लाजिरवाणी आहे आणि ती बदलायला हवी.

‘दीक्षान्त समारंभाला गेले नाही, तर पदवी नाही’

तसे नाही. अर्ज भरला, शुल्क भरले की अनुपस्थितीतही पदवी मिळते. न भरला तर मात्र प्रमाणपत्र छापलेच जात नाही, आणि ‘पास झालो म्हणजे आपोआप घरी येईल’ या समजुतीवर कित्येक जण वर्षे काढतात, विशेषतः लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुली. महाविद्यालयात होतो तो पदवी वितरणाचा कार्यक्रम. तिथे मिळणारा कागद विद्यापीठाचाच असतो. आयोगाच्या २००८ च्या विनियमांनुसार विद्यार्थी पात्र होण्याच्या अपेक्षित तारखेपासून १८० दिवसांच्या आत पदवी प्रदान व्हायला हवी. डिजीलॉकरमधली पदवीही वैध आहे.

‘सुवर्णपदक म्हणजे सर्वाधिक गुण’

काही पदके तशी असतात, सगळी नसतात. शिवाजी विद्यापीठाच्या राष्ट्रपती सुवर्णपदकासाठी अभ्यासाबरोबर एन.सी.सी., एन.एस.एस., खेळ, वक्तृत्व, नेतृत्व असे सर्वांगीण प्रावीण्य पाहिले जाते. त्यामुळे त्याचा मानकरी विषयात पहिला आलेला असेलच असे नाही, आणि दरवर्षी यावरून उगाच संशय घेतला जातो.

बाकीची पुष्कळ पारितोषिके देणगीतून उभी राहतात. कोणी आईच्या नावे, कोणी आपल्या शिक्षकाच्या नावे विद्यापीठाकडे रक्कम ठेवते, आणि तिच्या व्याजातून बक्षीस दिले जाते. देणगी स्वीकारतानाच अटी ठरतात : कोणता विषय, कोणती परीक्षा, पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण हवे की नको, एखाद्या जिल्ह्यापुरते की सर्वांसाठी. या अटी विद्यापरिषदेच्या शिफारशीने आणि व्यवस्थापन परिषदेच्या मान्यतेने पक्क्या होतात. मग अधिष्ठाताच काय, कुलगुरूंनाही त्या वर्षापुरत्या बदलता येत नाहीत. एखाद्या वर्षी अटीत बसणारा विद्यार्थी नसेल तर पारितोषिक दिले जात नाही.

आपण निकषात बसत होतो आणि तरी डावलले गेलो असे वाटले, तर त्या पारितोषिकाचे नियम आणि संबंधित बैठकीचे इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागता येते. उत्तराची मुदत ३० दिवस. दुसरा मार्ग विद्यार्थी तक्रार निवारण समितीचा. आणि तिथेही समाधान झाले नाही, तर आयोगाच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे विद्यापीठाने लोकपाल नेमलेला असतो, त्याच्याकडे अपील करता येते. त्यासाठी वकील लागत नाही, ओळख लागत नाही. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासह घेऊन ठेवावी.