शोधनिबंधाचे मोल कोण मोजतो?

१९६३ साली मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन या तीन संशोधकांचा अवघ्या पाच पानांचा एक निबंध ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रथिनाच्या साखळीतील दुव्यांना कोणत्या कोनांत वळता येते, आणि कोणत्या कोनांत अणू एकमेकांवर आदळू लागल्याने तसे वळणे अशक्य होते, हे दाखविणारा एक आलेख त्या निबंधात होता. साठ वर्षे उलटली, तरी जगातील कोणत्याही प्रयोगशाळेत एखाद्या प्रथिनाची नवी रचना उलगडली की ती ‘रामचंद्रन आलेखा’च्या कसोटीस उतरते की नाही हे तपासले जाते, आणि त्या तपासणीचे आकडे हस्तलिखितासोबत सादर केले जातात. मद्रासच्या त्या पाच पानांचे एवढे मोल ठरले.

ज्या नियतकालिकाने तो निबंध छापला ते त्या वेळी जेमतेम चार वर्षांचे होते. १९५९ मध्ये जॉन केंड्रू यांच्या संपादकत्वाखाली अ‍ॅकॅडेमिक प्रेसने ते सुरू केले. पुढे ही प्रकाशनसंस्था हारकोर्ट कंपनीकडे गेली आणि २००१ साली रीड एल्सेव्हिअर या बलाढ्य कंपनीच्या हाती आली. नियतकालिकाचे नाव कायम राहिले. भोवतालचे अर्थकारण मात्र पार पालटले. आज आपल्याकडील एखाद्या विद्यापीठातील संशोधकाने रेणवीय जीवशास्त्रातील आपले काम जगापुढे ठेवावयाचे ठरविले, तर त्या हस्तलिखितावर कोणाचे श्रम खर्ची पडतात, त्याचा खर्च कोण सोसतो आणि लाभ कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा राहिलेला नाही. हा खर्च अखेर सरकारी तिजोरीतून, म्हणजेच सामान्य करदात्याच्या खिशातून होत असतो.

हस्तलिखिताची घडण

शोधनिबंध म्हणजे प्रयोगशाळेतील वहीची नक्कल, असा एक समज आहे. वस्तुतः तो एक स्वतंत्र आणि कष्टाचा व्यवहार आहे. त्याचा साचा ठरलेला असतो. प्रारंभी साधारण अडीचशे शब्दांच्या आतला सारांश, मग प्रस्तावना, साहित्य व पद्धती, निष्कर्ष आणि शेवटी चर्चा. यांपैकी सारांश सर्वांत अधिक वाचला जातो. पण निबंधाचा खरा कणा म्हणजे ‘साहित्य व पद्धती’ हा भाग होय. जिवाणूचा कोणता वाण वापरला, तो किती तापमानावर वाढविला, मिश्रण किती वेगाने आणि किती मिनिटे घुसळले, प्रतिपिंडे कोणत्या कंपनीची होती, हे सारे इतक्या काटेकोरपणे लिहावे लागते की हजारो मैलांवरील अनोळखी माणसाला तोच प्रयोग पुन्हा करता यावा. दुसऱ्याला पडताळा घेता येईल असे वर्णन करणे ही विज्ञानातील सचोटीची पहिली अट आहे.

दुसरी अट आकड्यांची. एकच नमुना तीन वेळा मोजणे आणि तीन स्वतंत्र संवर्धनांवर तीन वेळा प्रयोग करणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिलीने केवळ उपकरणाचा भरवसा कळतो, दुसरीने निसर्गाचा. ज्या निबंधात हा भेद धूसर ठेवलेला असतो तो परीक्षकाच्या नजरेतून सहसा सुटत नाही. तिसरी अट चित्रांची. जेलवरील प्रथिनांचे काळसर पट्टे दाखविणारी छायाचित्रे हा या शास्त्रातील मुख्य पुरावा असतो. संगणकावर असा पट्टा पुसणे, गडद करणे किंवा दुसरीकडून आणून चिकटविणे सोपे झाले, तेव्हा २००२ पासून ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ने स्वीकृत निबंधांतील छायाचित्रांची पद्धतशीर तपासणी सुरू केली. आता मूळ, न कापलेली छायाचित्रे मागण्याची प्रथा अनेक ठिकाणी रूढ झाली आहे. याखेरीज नव्याने वाचलेला जनुकीय क्रम जेनबँकसारख्या सार्वजनिक भांडारात, तर प्रथिनाची रचना १९७१ मध्ये स्थापन झालेल्या प्रोटीन डेटा बँकेत जमा करून तेथील नोंदणी क्रमांक निबंधात द्यावा लागतो.

हे सर्व झाल्यावर संपादकाच्या नावे एक पत्र जोडून हस्तलिखित रवाना होते. येथे एक नियम महत्त्वाचा आहे. एकच निबंध एकाच वेळी दोन नियतकालिकांकडे पाठविता येत नाही. शेतकऱ्याला आपला माल चार बाजारांत दाखविता येतो. संशोधकाला मात्र एका दुकानाने नकार दिल्यावरच दुसऱ्या दुकानाची पायरी चढता येते, आणि तेथे गेल्यावर त्या दुकानाच्या रिवाजाप्रमाणे संदर्भांची मांडणी, शब्दसंख्या आणि चित्रांची मापे पुन्हा बदलावी लागतात. परीक्षकांचे श्रम दोनदा वाया जाऊ नयेत हा या नियमामागील हेतू रास्त आहे. परंतु त्यामुळे सौद्यातील बळ विक्रेत्याकडून निघून ग्राहकाकडे जाते, हेही तितकेच खरे.

बिनमोल श्रम

संपादकाला हस्तलिखित प्रथमदर्शनी योग्य वाटले नाही, तर ते परीक्षकांकडे न जाताच परत येते. योग्य वाटल्यास त्याच विषयातील दोन-तीन तज्ज्ञांकडे जाते. ही पद्धत आज सनातन वाटत असली, तरी ती फार जुनी नाही. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरील निबंध एप्रिल १९५३ मध्ये ‘नेचर’मध्ये आला तो अशा परीक्षणावाचून, आणि त्या नियतकालिकाने बाहेरील परीक्षण सरसकट लागू केले ते १९७३ मध्ये.

परीक्षक आपला वेळ खर्चून निबंध बारकाईने वाचतात, उणिवा दाखवितात, आणखी प्रयोग सुचवितात. या कामाचे त्यांना सामान्यतः काहीही मिळत नाही. त्यांचे नावही बहुधा गुप्त राहते. त्यांचा पगार त्यांचे विद्यापीठ देते. परीक्षणामुळे निबंध सुधारतो, याविषयी दुमत नसावे. परंतु ‘आणखी एक प्रयोग करावा’ ही परीक्षकाची एक ओळ भारतातील लहान प्रयोगशाळेला किती महाग पडते, याची कल्पना परदेशी परीक्षकाला क्वचितच असते. परदेशातून मागवावयाची प्रतिपिंडे, त्यांच्यासाठी मागवावी लागणारी दरपत्रके, कचेरीतील मंजुरी, सीमाशुल्क आणि प्रवासात टिकवावयाचा थंडावा या साऱ्यांत कित्येक महिने निघून जातात. तोवर संशोधक विद्यार्थ्याच्या अधिछात्रवृत्तीची मुदत संपत आलेली असते.

वाचकाकडून लेखकाकडे

थोडक्यात असे, की प्रयोगाचा खर्च सरकारने केला, लेखन संशोधकाने विनामूल्य केले, परीक्षण दुसऱ्या संशोधकांनी विनामूल्य केले. तयार झालेला निबंध मात्र प्रकाशकाच्या मालकीचा झाला आणि तो वाचण्यासाठी त्याच विद्यापीठांच्या ग्रंथालयांना वर्गणी भरावी लागली. येथे बाजारपेठेचा नेहमीचा नियम चालत नाही. साखर महाग झाली तर गूळ घेता येतो. पण एका नियतकालिकातील निबंधाऐवजी दुसऱ्यातील निबंध वाचून भागत नाही. प्रत्येक नियतकालिक ही आपल्या जागी एक लहानशी मक्तेदारीच असते. हे मर्म रॉबर्ट मॅक्सवेल यांनी फार लवकर ओळखले. त्यांची पर्गमॉन प्रेस १९९१ मध्ये ४४ कोटी पौंडांना एल्सेव्हिअरने विकत घेतली. एल्सेव्हिअरच्या मूळ कंपनीला २०२३ साली शास्त्रीय व वैद्यकीय प्रकाशनाच्या विभागात उत्पन्नाच्या सुमारे ३८ टक्के नफा झाला. ज्या धंद्यात कच्चा माल आणि कुशल मजुरी दोन्ही फुकट मिळतात, तेथे याहून वेगळे काय होणार?

या व्यवस्थेविरुद्ध शास्त्रज्ञांतूनच बंड झाले. हॅरॉल्ड व्हार्मस, पॅट्रिक ब्राऊन आणि मायकेल आयझेन यांच्या पुढाकाराने ऑक्टोबर २००३ मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’ निघाले. निबंध सर्वांना मुक्तपणे वाचता यावा आणि छपाईचा खर्च लेखकाच्या अनुदानातून भागावा, ही त्यामागील कल्पना. शुल्क होते १,५०० डॉलर. हेतू उदात्त होता. परंतु दाराची कडी एका बाजूने काढून दुसऱ्या बाजूने घातली गेली. मोठ्या प्रकाशकांनी ही पद्धत लवकरच आत्मसात केली. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘नेचर’ने मुक्त प्रकाशनासाठी ९,५०० युरो शुल्क जाहीर केले. त्या वेळच्या दराने ही रक्कम आठ लाख रुपयांहून अधिक होती. त्या वर्षी भारतात कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती महिना ३१,००० रुपये होती. म्हणजे एका निबंधाचे शुल्क आणि एका संशोधक विद्यार्थ्याची दोन वर्षांची अधिछात्रवृत्ती यांत शुल्काचेच पारडे जड. अतिशय गरीब देशांना अनेक प्रकाशक ही रक्कम माफ करतात. भारत सामान्यतः त्या यादीत बसत नाही. गरीब म्हणावे इतका तो गरीब नाही आणि देऊ शकेल इतका श्रीमंतही नाही.

वाचनाच्या बाजूने सरकारने एक मोठे पाऊल उचलले आहे. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये खर्चून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण संस्था व केंद्रीय संशोधन संस्थांना उपलब्ध व्हावीत, अशी तिची आखणी आहे. लहान गावातील सरकारी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला ही नियतकालिके प्रथमच हाती येणार असतील, तर ते निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु ही योजना मुख्यतः वाचनाचा हक्क विकत घेणारी आहे. लेखकाकडून आकारल्या जाणाऱ्या शुल्काचा मूळ प्रश्न तिने सुटत नाही.

नावाचा बाजार

मग इतके शुल्क देऊनही संशोधक तेथेच का जातात? कारण त्यांचे मूल्यमापन करणारे निबंध वाचत नाहीत. निबंध कोठे छापला ते पाहतात. युजीन गारफिल्ड यांनी ग्रंथालयांच्या सोयीसाठी नियतकालिकांचा जो ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ रूढ केला, तो हळूहळू माणसांना मोजण्याची फूटपट्टी झाला. नियतकालिकाच्या सरासरीवरून एका निबंधाची योग्यता ठरविणे म्हणजे वर्गाच्या सरासरी गुणांवरून एका विद्यार्थ्याला उत्तीर्ण करण्यासारखे आहे. कोणताही शिक्षक हे मान्य करणार नाही. निवड समितीत बसल्यावर मात्र अनेकजण नेमके हेच करतात.

याचे दोन परिणाम झाले. वरच्या थरात, चित्र अधिक सुबक करून दाखविण्याचा मोह. एलिझाबेथ बिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ४० नियतकालिकांतील वीस हजारांहून अधिक निबंध तपासले, तेव्हा ३.८ टक्के निबंधांत संशयास्पद प्रतिमा आढळल्या, आणि त्यांपैकी निदान निम्म्यांत हेतुपुरस्सर फेरफाराच्या खुणा होत्या. खालच्या थरात, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बनावट नियतकालिकांचे पीक. बढतीसाठी निबंधांची संख्या मोजली जाऊ लागताच हे पीक आपल्याकडे तरारून आले. विद्यापीठांच्या शिफारशींतून मान्यता यादीत आलेल्या नियतकालिकांची तपासणी पुण्याच्या अभ्यासकांनी केली, तेव्हा तपासलेल्यांपैकी बहुसंख्य निकृष्ट ठरली. मे २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. ज्या प्राध्यापकाला ना प्रयोगशाळा, ना रजा, ना अनुदान, त्याच्याकडून निबंधाची सक्तीने वसुली केली, तर तो बाजारातून विकत घेणारच. यात दोष व्यक्तीचा आहेच. पण त्याहून अधिक तो मागणी निर्माण करणाऱ्या नियमाचा आहे.

करावयाचे काय

यावरील उपाय अशक्य कोटीतले नाहीत. परीक्षणापूर्वीच हस्तलिखित सर्वांसाठी खुले करण्याची ‘बायोआर्काइव्ह’ ही सोय २०१३ पासून उपलब्ध आहे आणि तिला शुल्क नाही. त्यामुळे कामाची तारीख नोंदली जाते आणि परीक्षकांच्या विलंबाची झळ कमी होते. दुसरा उपाय आपल्या घरातला आहे. सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली स्थापन केलेली बंगलोरची भारतीय विज्ञान अकादमी ‘जर्नल ऑफ बायोसायन्सेस’ आणि ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’सारखी नियतकालिके चालविते. त्यांतील निबंध अकादमीने वाचकांना खुले ठेवले आणि लेखकावर शुल्काचा बोजा टाकला नाही. विद्वत्संस्थांच्या अशा नियतकालिकांना पुरेसा कर्मचारीवर्ग, कसलेले संपादक आणि वेळेवर परीक्षण यांसाठी निधी दिला, तर तो परदेशी शुल्कापोटी जाणाऱ्या पैशाहून अधिक फलदायी ठरेल.

तिसरा आणि सर्वांत अवघड उपाय वृत्तीचा आहे. डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या जाहीरनाम्यात एवढेच मागितले आहे, की संशोधनाचे मोल नियतकालिकाच्या नावावरून नव्हे, तर त्यातील आशयावरून ठरवावे. त्यासाठी निवड समित्यांनी उमेदवाराचे पन्नास निबंध मोजण्याऐवजी त्याने स्वतः निवडलेले तीन निबंध वाचावेत. वाचण्याला वेळ लागतो, आणि कदाचित म्हणूनच मोजण्याची प्रथा पडली असावी. पण १९६३ मध्ये मद्रासहून गेलेल्या पाच पानांचे मोल त्यांच्या संख्येवरून ठरले नाही; ती वाचली गेली, तपासली गेली आणि खरी ठरली म्हणून ते ठरले. आपल्या विद्यापीठांत आज तशीच पाच पाने कोणी लिहीत असेल, तर ती वाचण्याची उसंत आणि इच्छा कोणाकडे आहे, याचे उत्तर विद्यापीठांनी आणि अनुदान देणाऱ्या संस्थांनी दिले पाहिजे.