रुपयामागे किती डोळे!

वर्गात हजेरी घेताना कधीकधी मला वाटते, ही मुलांची नव्हे, पेशव्यांच्या कचेरीचीच हजेरी चालली आहे. फडणीस, मुजुमदार, पोतनीस, चिटणीस, दप्तरदार! आज ही नुसती आडनावे उरली. अडीचशे वर्षांपूर्वी हे हुद्दे होते, आणि सरकारी रुपया ज्याच्या हातून जातो त्याच्यावर नजर ठेवणे हा त्यांतल्या बहुतेकांचा खरा उद्योग होता. (खुद्द नाना फडणिसांचे आडनाव भानू, फडणिशी हा त्यांचा हुद्दा.)

आंबेगाव तालुक्यातले निरगुडसर घ्या. मंचरहून तिकडे जाताना आज दुतर्फा ऊस दिसतो. पेशवाईत अशा गावचा रुपया पुण्यास कसा पोचत असे? पाटील वसूल करी, कुलकर्णी लिहून ठेवी आणि रक्कम मामलेदाराकडे जाई. मामलेदार म्हणजे आपल्या मुलखापुरता राजाच! पण या राजाच्या कचेरीत दरकदार नावाची मंडळी बसलेली असत. त्यांची नेमणूक थेट हुजुरातून होई. मामलेदाराला त्यांच्यापैकी एकालाही काढून टाकता येत नसे. सारी मेख इथेच आहे.

फडणीस प्रत्येक कागदावर तारीख घाली आणि रोजच्या कच्च्या वहीत नोंद करी. त्या वहीवरून दप्तरदार खतावणी तयार करी आणि महिन्याचा गोषवारा परस्पर पुण्यास धाडी. मुजुमदाराने हिशेब मान्य केल्याशिवाय तो फडणिसाकडे जात नसे. वसूल किती, शिल्लक किती, हे पोतनीस पाही. नाणे खरे की खोटे, हे पोतदार पारखी. एवढ्यावरही भागत नसे. देशमुख-देशपांड्यांचे कागद वेगळेच असत, आणि त्यांच्याशी मेळ बसल्यावाचून मामलेदाराचा हिशेब मंजूर होत नसे.

पुण्यास हुजूर दप्तरात दोनशेवर कारकून हे सारे कागद पडताळीत. तिथल्या एकबेरीज दप्तरात सगळ्या खात्यांचे जमा, खर्च आणि शिल्लक यांचे वार्षिक गोषवारे होत. ‘बेहडा’ म्हणजे पुढच्या वर्षाचा अंदाज. आपण ज्याला अर्थसंकल्प म्हणतो, तोच हा! आजच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकाला सरकारच्या मर्जीनुसार घरी पाठवता येत नाही. दरकदारांची आठवण मला तिथे होते.

म्हणजे सगळा कारभार धुतल्या तांदळासारखा होता, असे मात्र कोणी समजू नये. एल्फिन्स्टनने 1819 च्या आपल्या अहवालात एक मासलेवाईक हकीकत दिली आहे. मामलेदार दरबारातल्या कारभाऱ्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांनाही गुपचूप पैसे चारीत. हळूहळू त्या रकमा ठरून गेल्या, ‘दरबारखर्च’ म्हणून हिशेबात उघड लिहिल्या जाऊ लागल्या आणि इतर खर्चांसारख्या तपासल्याही जाऊ लागल्या! लाच अशी रीतसर झाली खरी, पण कारभाऱ्यांचे हात ओले करण्याची गरज काही संपली नाही. मग त्यासाठी रयतेकडून आणखी वसूल होऊ लागला. या हकिकतीला हसावे की कपाळाला हात लावावा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तरीसुद्धा ती तपासणी होती तोवर काहीतरी धाक होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तोही गेला. दप्तराचे कारकून कमी झाले. कागद ज्याला हवे त्याने न्यावेत, अशी अवस्था झाली. (त्यांतूनही जे उरले ते इतके अफाट, की त्यातल्या निवडक कागदांचेच रियासतकार सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात पंचेचाळीस भाग काढले.) मामलती अनुभव आणि सचोटी पाहून देण्याऐवजी लिलावात निघाल्या. जो जास्त बोली बोलेल, त्याला महाल मक्त्याने मिळू लागला. ज्याने भारी बोली लावली तो ती रक्कम गावांतूनच काढणार, हे उघड होते. त्याच्याविरुद्ध तक्रार करावी, तर ती त्याच्यापुढेच. कारण महालातला न्यायनिवाडाही मक्तेदाराच्याच हाती असे.