संकल्प ब्रह्मगिरीचा

श्रावण लागला की गोदातीरावरच्या पुष्कळ घरांतून एक प्रश्न हमखास निघतो : "यंदा त्र्यंबकेश्वरी जाऊन ब्रह्मगिरी करावयाचा का?" विचारणारी बहुधा घरातील वडीलधारी मंडळी असतात. धाकटी मंडळी रजेचा हिशेब मांडतात, मोटारीचे भाडे विचारतात, आकाशाकडे पाहतात, आणि विषय पुढल्या श्रावणावर जातो. आज या पवित्र मासाच्या निमित्ताने वाचकांपुढे आम्हांस ठेवावयाचे आहे ते इतकेच की, स्वतःचे वाहन नसताना, एस.टी.च्या गाडीने, एका दिवसात, साठीच्या माणसांसह ही यात्रा सुखरूप घडू शकते. मात्र ती पायांनी घडण्यापूर्वी मनात आणि कागदावर घडलेली असली पाहिजे.

"देवाच्या दारी जाण्यास वेळापत्रक कशाला हवे? श्रद्धा असली म्हणजे झाले," असे म्हणणारे सज्जन आम्हांस कीर्तनानंतर नेहमी भेटतात. एके काळी आमचेही मत फारसे निराळे नव्हते. ते का बदलले ते पुढे सांगू. तत्पूर्वी शास्त्राकडे वळू.

देश आणि काल

कोणत्याही पूजेच्या आरंभी यजमान हातात पळीभर पाणी घेऊन संकल्प सोडतो. त्यात प्रथम काय येते? देवाची स्तुती नव्हे, फळाची मागणीही नव्हे. प्रथम देश आणि काल यांचा उच्चार होतो. संवत्सर कोणता, अयन कोणते, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र कोणते, हे सांगावयाचे. आणि आपण कोठे बसलो आहोत हेही सांगावयाचे. महाराष्ट्रात तर आपण गोदावरीच्या कोणत्या तीरावर आहोत याचा उल्लेख संकल्पात होतो. म्हणजे सातारच्या वा सोलापूरच्या घरात बसलेला गृहस्थही स्वतःचे ठिकाण गोदामाईच्या संदर्भाने सांगतो. मग मी कोण, आणि हे कर्म कशासाठी करतो, हे येते. इतके झाल्यावर पाणी सोडावयाचे, आणि मग कर्माला आरंभ.

आमच्या पूर्वजांनी जे प्रत्येक व्रताला लावून दिले तेच यात्रेला लावावयाचे, एवढेच आमचे म्हणणे. कोठे, केव्हा, कोणी आणि कशासाठी, या चार प्रश्नांची उत्तरे आदल्या आठवड्यात घरातल्या सर्वांनी एकत्र बसून द्यावीत. या उत्तरांनाच हल्लीच्या भाषेत नियोजन म्हणतात. ते श्रद्धेच्या विरुद्ध नाही. ते श्रद्धेचे पहिले आचमन आहे.

पर्वताचे स्वरूप

ब्रह्मगिरीची उंची सुमारे 1298 मीटर, म्हणजे 4200 फुटांहून थोडी अधिक. पायथ्याचे त्र्यंबक गावच सुमारे 720 मीटर उंचीवर असल्याने प्रत्यक्ष चढ उरतो तो पाऊणेसहाशे मीटरांचा. 1646 मीटरांच्या कळसूबाईपुढे हा पर्वत धाकटाच म्हणावयाचा. वाट पायऱ्यांची आहे. वरच्या भागातील पायऱ्या कातळात खोदलेल्या आहेत. परंतु श्रावणात या पायऱ्यांवरून पाणी वाहते, शेवाळ धरते, आणि धुके उतरले म्हणजे दहा हातांवरचे माणूस दिसत नाही. धाकटा असला तरी तो डोंगर आहे, हे विसरू नये.

पुराणकथा वाचकांना ठाऊकच आहे. गौतम ऋषींच्या शेतात शिरलेल्या गाईला त्यांनी दर्भाच्या काडीने हाकलले आणि ती गतप्राण झाली. त्या पातकाच्या क्षालनासाठी त्यांनी या पर्वतावर तप केले. शंकरांनी जटा आपटून गंगा प्रकट केली, ती जागा माथ्यावरच्या जटाशंकराच्या मंदिरात दाखवितात. गंगा येथे प्रकटे आणि तेथे गुप्त होई. अखेर ऋषींनी कुशांचे वेढे घालून तिला अडविले, ते कुशावर्त. डोंगराच्या कुशीत मधल्या उंचीवर तिचे दर्शन होते, ते गंगाद्वार. ब्रह्मपुराणातील गौतमीमाहात्म्यात हा महिमा विस्ताराने आला आहे. गोदा म्हणजे गाय देणारी, अशी व्युत्पत्ती सांगतात. मेलेल्या गाईला जीवन देणारी ती गोदावरी. येथे अंगठ्याएवढ्या धारेने निघालेली ही नदी 1465 किलोमीटर वाहून पूर्वसमुद्राला मिळते. पैठणी तिचे विशाल पात्र पाहिलेल्यांनी तिचे हे बालरूप एकदा तरी अवश्य पाहावे.

प्रवासाचा क्रम

नाशिक ते त्र्यंबक हे अंतर सुमारे 28 किलोमीटरांचे. गाडीला तासभर लागतो. रेल्वेने येणाऱ्यांनी नाशिकरोड स्थानकावर उतरावे; तेथून नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकांचा भाग नऊदहा किलोमीटरांवर आहे. एस.टी.च्या गाड्या दिवसभर सुटतात. 2021 साली नाशिक महानगरपालिकेची शहर बससेवा सुरू झाली, तिच्याही गाड्या त्र्यंबकपर्यंत जातात. लांबून येणाऱ्यांनी आदल्या रात्री नाशिकला वा त्र्यंबकलाच मुक्काम करावा हे उत्तम.

ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे. 65 ते 75 वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धे भाडे पडते, आणि मार्च 2023 पासून सर्व स्त्रियांनाही अर्धेच. वयाच्या सवलतीसाठी ओळखपत्र जवळ हवे. ही सवलत एस.टी.ची आहे, शहर बसचे नियम निराळे, हे ध्यानात ठेवावे.

जाण्याच्या गाडीची चौकशी सारेच करतात, परतीच्या गाडीची कोणी करीत नाही. त्र्यंबकला उतरताक्षणी, कुशावर्ताकडे वळण्यापूर्वी, स्थानकावरील नियंत्रकांकडे परतीच्या गाड्यांच्या वेळा विचारून कागदावर लिहून घ्याव्यात, आणि आपल्या गाडीनंतरची आणखी एक गाडी हिशेबात धरावी. तो कागद एकाच्याच खिशात नको, दोघांजवळ असावा.

वार कोणता निवडावा? तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला लाखो भाविक लोटतात. एस.टी. जादा गाड्या सोडते, खाजगी वाहने गावाबाहेर अडविली जातात, दर्शनाची रांग तासन्‌तास चालते. फेरीचा तो आनंद निराळा आणि थोर आहे. परंतु ती पर्वताभोवतीची प्रदक्षिणा झाली. माथा चढावयाचा असेल आणि बरोबर वृद्ध असतील, तर श्रावणातला साधा बुधवार किंवा गुरुवार निवडावा. त्र्यंबकराज सोमवारीच भेटतात असे कोणत्याही शास्त्रात नाही.

पहाटेची गाडी धरून सातच्या आत त्र्यंबकला पोहोचावे. कुशावर्ती स्नान अथवा मार्जन करून साडेसातला चढू लागावे. साठीच्या माणसाला माथ्यावर जाण्यास अडीच तास धरावेत, उतरण्यास दोन. आणि वळण्याची वेळ घरीच ठरवावी. अकराच्या ठोक्याला जेथे असू तेथून परतावयाचे, मग माथा दहा पायऱ्यांवर का असेना. दुपारी खाली येऊन भोजन, मग त्र्यंबकराजाचे आणि निवृत्तिनाथांच्या समाधीचे दर्शन, आणि चारपाचच्या गाडीने परत. पाऊस धो धो कोसळत असेल किंवा प्रशासनाने वाट बंद केली असेल, तर कुशावर्ताहूनच नमस्कार करावा.

सामान थोडे पण नेमके घ्यावे. पायांत कातडी वहाणा नकोत. खाच असलेल्या तळव्याचे बूट हवेत. माणशी दीड लिटर पाणी, घोंगडी किंवा रेनकोट, कोरडा पंचा, रोजची औषधे आणि एक काठी असावी. खाद्य झोळीच्या तळाशी बांधून ठेवावे, कारण वाटेवरची माकडे हातातील पिशवी ओढून नेण्यात पटाईत आहेत. प्रसादाची कागदे आणि पिशव्या आपल्याबरोबर खाली आणाव्यात. नदीच्या उगमी टाकलेला केर नदीच्याच अंगावर पडतो.

आमची चूक

आता आमचे मत का बदलले ते सांगतो. 2012 च्या श्रावणात एका सोमवारी आम्ही आमच्या कीर्तनाच्या साथीदारांसह ब्रह्मगिरीस गेलो होतो. आदल्याच रात्री आम्ही कीर्तनात निरंकार उपवासाचा महिमा गायिला होता, आणि तबल्याची साथ करणाऱ्या आमच्या स्नेह्यांनी तो ऐकून मनोमन तसाच उपवास धरला होता. त्यांस मधुमेह आहे, हे आम्हांस ठाऊक होते. परतीची गाडी किती वाजता, हे विचारले नव्हते. चढावयास लागलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. वळण्याची वेळ वगैरे काही ठरलेले नव्हते.

कातळातल्या पायऱ्यांपाशी ते एकाएकी खाली बसले. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत आहेत, बोलणे तुटक. आम्ही भांबावून गेलो. जवळच सरबत विकणारी एक आदिवासी बाई होती. तिने साखर घातलेला पेला त्यांच्या ओठांशी नेला. आमचे स्नेही मान फिरवून म्हणाले, "बुवा, उपवास मोडेल."

ती बाई म्हणाली, "घ्या बाबा. देवाला माणूस जित्ता पाहिजे."

वाचकहो, जल, मुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध या आठांनी व्रत भंगत नाही, हे वचन आम्हांस मुखोद्गत आहे. शेकडो वेळा आम्ही ते सांगितले आहे. त्या क्षणी ते आम्हांस आठवले नाही. जिला अक्षरओळखही नसावी त्या माउलीला मात्र त्याचा अर्थ ठाऊक होता. मग आम्ही म्हणालो, "घ्या. आमची आज्ञा समजा." तेव्हा त्यांनी पेला घेतला. अर्ध्या तासाने त्यांना हुशारी आली. दोन अनोळखी तरुणांनी खांद्याचा आधार देत त्यांना खाली आणले. खाली आलो तो दिवेलागण झाली होती, आणि ओल्या वस्त्रांनिशी स्थानकावर गाडीची वाट पाहत बसणे नशिबी आले.

त्या रात्री गाडीत आमचे स्नेही आमच्या खांद्यावर डोके टेकून झोपले होते, आणि आम्हांस झोप येत नव्हती. त्यांच्या जिवावर बेतले ते उपवासामुळे नव्हे. व्यासपीठावरून सांगितलेल्या शब्दाच्या परिणामाचा विचार आम्ही केला नाही, त्यामुळे. ज्याचा जो अधिकार, त्याला तेवढेच व्रत, हे शास्त्राचे मूळ सूत्रच आम्ही सोडले होते. संकल्पात "मी कोण" हे उच्चारावयाचे ते एवढ्यासाठीच : माझे वय काय, माझी प्रकृती कशी, माझ्याबरोबर कोण आहे.

वाट चुकणे आणि वाट धरणे

एका श्रोत्याने आम्हांस मोठा मार्मिक प्रश्न केला होता. विठ्ठलपंतांचे कुटुंब ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाघ आडवा आला, धावपळीत बालक निवृत्ती वाट चुकले, गुहेत शिरले आणि तेथे त्यांना गहिनीनाथ भेटले. "मग बुवा, वाट चुकण्यानेच जर नाथसंप्रदायाचे धन वारकऱ्यांच्या घरी आले, तर तुमच्या त्या कागदाची मातब्बरी काय?"

आम्ही उत्तर दिले की, वाट चुकावयास आधी वाट धरलेली असावी लागते. विठ्ठलपंत नेमाने प्रदक्षिणा करीत होते, मुलांना बरोबर घेऊन करीत होते. वाघ आणि गहिनीनाथ या दोघांचेही येणे ईश्वराच्या हाती. नेम मात्र त्यांचा होता. आपल्या हातचे आपण करावे, मग उरलेले त्याच्या पायी ठेवावे. आपल्या हातचे न करता सारेच त्याच्यावर टाकणे ही शरणागती नव्हे, तो आळस होय.

पुढल्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. तबल्याचे स्नेही बरोबर होते. त्यांनी वैद्यांना विचारले होते, सकाळी भाकरी-दूध घेतले होते, औषध झोळीत होते. वार गुरुवार होता. आम्ही सव्वादहाला माथ्यावर पोहोचलो. धुके किंचित विरळ झाले, आणि उगमाच्या कुंडापाशी ते वाकले, ओंजळीत पाणी घेतले, पण लगेच प्याले नाहीत. ओठ हलत होते. आम्ही विचारले, "काय म्हणता?" ते म्हणाले, "देशकाल उच्चारतो आहे, बुवा. आज प्रथमच गोदावरीच्या तीराचे नाव घेताना थबकलो. येथे तीरच नाही. नदी माझ्या हातात आहे."

वाटेत त्या सरबतवालीला आम्ही पुष्कळ शोधले. ती भेटली नाही. तिच्या नावाने उगमाच्या पाण्याची एक ओंजळ सोडली आणि ठरल्या वेळेस, अकराच्या आत, उतरावयास लागलो.

यंदा ज्यांच्या घरी हा प्रश्न निघेल त्यांनी तो पुढल्या श्रावणावर टाकू नये. कागद घ्यावा, देश-काल लिहावेत, बरोबरच्या प्रत्येकाची प्रकृती विचारावी, परतीच्या गाडीची वेळ टिपावी. मग "गंगा गोदावरी" म्हणून पहिल्या पायरीला हात लावून नमस्कार करावा. सर्व वाचकांची यात्रा सुफळ संपूर्ण होवो, आणि गेलेली सर्व माणसे संध्याकाळी आपापल्या घरी सुखरूप परतोत, हीच त्र्यंबकराजाच्या चरणी प्रार्थना.