मोटारीला श्वासाचें कुलूप

अमेरिकेंतील न्यू मेक्सिको राज्यांतलें एक साधें घर डोळ्यांपुढें आणा. सकाळचे सात वाजले आहेत. मुलांना शाळेंत पोंचवून कामावर जावयाचें म्हणून गृहस्थ मोटारींत बसतो. गाडी सुरू करण्यापूर्वीं तो समोरच्या एका लहान यंत्राची नळी तोंडाला लावून तींत कांहीं सेकंद फुंकर घालतो. यंत्र क्षणभर स्तब्ध राहतें आणि मग नकार देतें. गाडी सुरू होत नाहीं. गृहस्थाचे पाय लटपटत नाहींत, जीभ अडखळत नाहीं. सकाळपासून त्यानें कॉफीखेरीज कांहीं घेतलेलें नाहीं. परंतु काल रात्रीं घेतलेली दारू अद्याप त्याच्या रक्तांत आहे, आणि तें यंत्राला कळलें आहे. मागच्या आसनावर दप्तरें घेऊन बसलेलीं मुलें हा सारा प्रकार मुकाट्यानें पाहत आहेत.

श्रोतेहो, या यंत्राला तिकडे 'इग्निशन इंटरलॉक' म्हणतात. आपण सोयीसाठीं त्याला श्वासाचें कुलूप म्हणूं. दारू पिऊन मोटार हांकल्याबद्दल ज्याला दोषी ठरविलें, त्यानें आपल्या मोटारीला हें कुलूप बसवून घेतलें पाहिजे, असे कायदे अमेरिकेंतील राज्यांनीं केले आहेत. हें कुलूप कसें चालतें, तें कायद्यांत कसें आलें, आणि त्याच्या हातून काय होतें व काय होत नाहीं, हें आज थोडक्यांत पाहावयाचें आहे.

प्रथम यंत्राची घडण. आपण घेतलेलें मद्य पोटांतून व आंतड्यांतून रक्तांत जातें. तें रक्त फुफ्फुसांत आलें म्हणजे त्यांतील थोडेंसें मद्य वाफेच्या रूपानें श्वासांत उतरतें. सुमारें २१०० घनसेंटिमीटर खोल श्वासांत जितकें मद्य, तितकेंच १ घनसेंटिमीटर रक्तांत, असें धरून हिशेब करतात. म्हणून सुई न टोंचतां केवळ श्वासावरून रक्ताचा अजमास लागतो. कुलपाच्या पोटांत आम्लानें भिजलेली एक सच्छिद्र चकती असते व तिच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा थर दिलेला असतो. मद्याची वाफ त्या प्लॅटिनमवर आली कीं तिचें ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्यें असतें तें आम्ल, बनतें आणि या क्रियेंत विजेचा बारीक प्रवाह वाहूं लागतो. मद्य जितकें अधिक, तितका प्रवाह अधिक. तो ठराविक मर्यादेच्या वर गेला कीं इंजिन सुरू करणारी वीज यंत्र अडवून धरतें.

ही मर्यादा ध्यानांत घेण्याजोगी आहे. अमेरिकेंतील बहुतेक राज्यांत १०० मिलिलिटर रक्तांत ८० मिलिग्रॅम मद्य आढळलें तर गाडी हांकणें गुन्हा ठरतें. यूटा राज्यानें २०१८ च्या अखेरीस ही सीमा ५० वर आणिली. कुलूप मात्र सामान्यतः २० ते २५ मिलिग्रॅमलाच अडून बसतें. ज्यानें एकवार भरंवसा गमाविला, त्याला इतरांइतकी सूट द्यावयाची नाहीं, हा त्यांतला हेतु.

आतां आपल्या गृहस्थाची सकाळ समजेल. निरोगी माणसाच्या रक्तांतील मद्य साधारणपणें तासाला १५ मिलिग्रॅम या मंद गतीनें ओसरतें. मध्यरात्रीं त्याच्या रक्तांत १६० मिलिग्रॅम असेल, तर सकाळीं सातपर्यंत १०५ जातील आणि ५५ उरतील. झोंपेनें शीण गेला तरी हिशेब बदलत नाहीं. थंड पाण्याच्या स्नानानें, काळ्या कॉफीनें किंवा लिंबाच्या रसानेंही बदलत नाहीं. सकाळच्या अशा नोंदींना म्हणूनच फार महत्त्व आहे. रात्रींच्या मेजवानीनंतर अडलेला मनुष्य कदाचित् एकदांच चुकला असेल. परंतु ज्याची गाडी कामाच्या दिवशीं सकाळीं वारंवार अडते, त्याचें पिणें हाताबाहेर गेलें आहे, असें अभ्यासकांना दिसून आलें.

कोणी म्हणेल, मित्राला फुंकावयास लावून गाडी सुरू करून घेतली तर? या युक्तीला उत्तर आहे. गाडी चालूं लागल्यावर कांहीं मिनिटांत, आणि पुढेंही अनियमित अंतरानें, यंत्र पुन्हां श्वास मागतें. गाडी कडेला घेतां यावी म्हणून त्यासाठीं थोडी सवड असते. या वेळीं मद्य आढळलें किंवा श्वास दिलाच नाहीं, तरी यंत्र इंजिन बंद पाडीत नाहीं. वाहत्या रस्त्यावर इंजिन बंद पाडणें म्हणजे एक अपघात टाळण्यासाठीं दुसरा ओढवून घेणें होय. यंत्र त्या प्रसंगाची नोंद करतें, आणि पुष्कळ यंत्रें भोंगा व दिवे चालू करून चारचौघांत चहाडी करतात. कित्येक राज्यांत फुंकणाराचा चेहरा टिपणारा कॅमेराही जोडलेला असतो. महिना-दोन महिन्यांनीं यंत्र तपासून घ्यावें लागतें, त्या वेळीं सर्व नोंदी उतरून घेतात व देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे पाठवितात. तोंड धुण्याच्या कांहीं औषधांत मद्य असतें, तेंही यंत्राला लागतें. म्हणून साध्या पाण्यानें चूळ भरून पंधरा मिनिटें थांबावें व मग फुंकावें, असें चालकाला सांगून ठेवलेलें असतें.

हें यंत्र एका दिवसांत आलें नाहीं. इंडियाना राज्याच्या पोलिसदलांतील रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनीं १९५४ मध्यें रस्त्यावर वापरतां येईल असें श्वासमापक यंत्र तयार केलें. मोटारीलाच अडविण्याची कल्पना बोर्ग-वॉर्नर या कंपनीनें १९६९ मध्यें हातीं घेतली. कॅलिफोर्नियानें १९८६ मध्यें कायदा करून कांहीं परगण्यांत कुलपाचा प्रयोग सुरू केला, आणि १९९२ मध्यें अमेरिकेच्या केंद्रीय वाहतूक-सुरक्षा खात्यानें यंत्रें कशीं असावींत याचे नमुन्यादाखल नियम प्रसिद्ध केले. तरीही प्रारंभीं कुलूप बहुधा पुन्हां पुन्हां पकडल्या जाणाऱ्यांसाठींच असे. न्यू मेक्सिकोनें २००५ मध्यें पुढचें पाऊल टाकिलें: पहिल्याच अपराधाला एक वर्ष, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, आणि चौथ्यानंतर जन्मभर, मात्र दर पांच वर्षांनीं न्यायालयाकडे दाद मागण्याची मुभा. न्यूयॉर्क राज्याला जाग येण्यास एक बळी पडावा लागला. ऑक्टोबर २००९ मध्यें मद्यधुंद स्त्री हांकीत असलेली गाडी उलटून तींतील एक अकरा वर्षांची मुलगी मृत्यु पावली. पुढच्याच महिन्यांत त्या बालिकेच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा झाला, आणि १५ ऑगस्ट २०१० पासून पहिल्या अपराधालाही कुलूप सक्तीचें ठरलें. आज पन्नासही राज्यांत कोणत्या ना कोणत्या रूपानें हा कायदा आहे.

यांतील विचार नीट पाहिला पाहिजे. पूर्वींची मुख्य शिक्षा म्हणजे परवाना काढून घेणें. ती दोन्हीं बाजूंनीं फसली. बेदरकार मनुष्य परवान्यावांचून गाडी हांकीतच राहिला. आणि जो कायदा पाळणारा, त्याची नोकरी गेली. कारण अमेरिकेंतील पुष्कळ गांवीं मोटारीवांचून कामावर जाण्याचा दुसरा मार्गच नाहीं. कायद्याचा प्रश्न तेव्हां बदलला. 'या माणसानें गाडी हांकूं नये' असें म्हणण्याऐवजीं 'या माणसानें पिऊन गाडी हांकूं नये' असें तो म्हणूं लागला. परवान्याचा कागद खिशांतून काढून घेतां येतो. परंतु हात आणि चाक यांच्यामध्यें उभें राहण्याचें काम कागदाला करतां येत नाहीं.

या उपायाला आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहींत. यंत्र बसविण्याचा खर्च व दरमहाचें भाडें अपराध्यानेंच भरावयाचें असतें. श्रीमंताला तें जाणवत नाहीं, गरिबाच्या चुलीवर तें येतें. न्यू मेक्सिकोनें म्हणून निर्धनांसाठीं वेगळा निधि ठेविला आहे. शिवाय कुलूप माणसाला नसून मोटारीला असतें. घरांत एकच गाडी असेल, तर जिनें आयुष्यांत दारूचा थेंब घेतला नाहीं त्या पत्नीलाही मुलांदेखत तीच नळी तोंडाला लावावी लागते. 'माझ्याजवळ मोटारच नाहीं' असें सांगून कुलूप टाळणारेही पुष्कळ आहेत. नेदरलँड्समध्यें २०११ सालीं अशी सक्ति सुरू झाली. परंतु ती लादतांना माणसाची परिस्थिति पाहण्यास वाव नव्हता, व एकाच अपराधासाठीं खटलाही होऊन दोन शिक्षा पदरीं पडत. २०१५ मध्यें तेथील वरिष्ठ न्यायासनांनीं ती अडविली. शिक्षा उपयुक्त असली म्हणजे न्याय्य असतेच असें नाहीं, हा धडा त्यांतून घेण्यासारखा आहे.

मग फळ काय? निरनिराळ्या ठिकाणच्या पंधरा अभ्यासांचा एकत्रित आढावा २०११ मध्यें प्रसिद्ध झाला. गाडीला कुलूप असेतोंपर्यंत त्याच गुन्ह्याखालीं पुन्हां पकडले जाण्याचें प्रमाण सुमारें दोन तृतीयांशानें कमी होतें, असें त्यांत आढळलें. २०२३ या एका वर्षीं अमेरिकेंत मद्यधुंद चालकांच्या अपघातांत १२,४२९ माणसें मेलीं, हें लक्षांत घेतां हा लाभ लहान नव्हे. परंतु त्याच आढाव्यांत दुसरी गोष्टही आहे. कुलूप काढलें कीं हा फरक नाहींसा होतो; मनुष्य पूर्वींच्याच वाटेनें जाऊं लागतो.

श्रोतेहो, माझ्या मतें या विषयाचें मर्म येथें आहे. कुलूप दारू सोडवीत नाहीं. तें दार लावून घेतें, पण घरांतलें दुखणें घरांतच राहतें. दाराला कुलूप घालून ताप उतरत नाहीं, हें आपणांस कोणी सांगावयास नको. तथापि हेंच कुलूप वैद्याला नाडीसारखें उपयोगीं पडूं शकतें. फ्लोरिडा राज्यांत कुलपाच्या नियमाचा तिसऱ्यांदा भंग झाला कीं अपराध्याला व्यसनोपचार सक्तीनें घ्यावे लागतात. २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, ज्यांना हे उपचार मिळाले त्यांच्यांत कुलूप निघाल्यावरही पुन्हां अपराध करण्याचें प्रमाण ३२ टक्क्यांनीं कमी राहिलें. वॉशिंग्टनसारख्या राज्यांत शेवटचे महिने निर्दोष गेल्याखेरीज कुलूप काढीतच नाहींत. शिक्षेची मुदत तेथें केवळ पंचांगावर चालत नाहीं. माणसाच्या वागणुकीवर चालते.

आपल्याकडील स्थिति दोन शब्दांत सांगतों. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमानें १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमपेक्षां अधिक मद्य असतां गाडी हांकणें गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें पहिल्या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्हीं, अशी शिक्षा ठेविली आहे. कुलपाची सक्ति या कायद्यांत नाहीं. पण मघांचा हिशेब आठवा. मध्यरात्रीं १६०, सकाळीं सात वाजतां ५५. न्यू मेक्सिकोंतल्या त्या गृहस्थाला यंत्रानें अडविलें, म्हणून मुलें उशिरा का होईना, सुखरूप शाळेंत गेलीं. तसाच मनुष्य मुंबईंत किंवा पुण्यांत सकाळीं गाडींत बसला, तर आपल्या कायद्यानेंही तो गुन्हेगारच आहे. मात्र त्याला थांबविणारें यंत्र त्याच्यासमोर नाहीं.

तेव्हां तें काम कोणी करावयाचें? घरांतील कोणीतरी किल्ली आपल्याजवळ ठेवून 'आज रिक्षानें जा' एवढें म्हणावें, आणि दुसऱ्या दिवशीं, राग ओसरल्यावर, वैद्याकडे जाण्याची गोष्ट काढावी. पहिलें काम यंत्रालाही करतां येतें. दुसरें मात्र माणसांनींच केलें पाहिजे.