स्वतःचे विमान परवडते का?

अमेरिकेत लहान गावांच्या धावपट्टीशेजारीही खासगी विमाने उभी दिसतात. त्यांत सेसना १७२ हमखास असते. हे विमान १९५५ साली प्रथम उडाले आणि आजवर अशी चव्वेचाळीस हजारांवर विमाने बनली. चार आसने, एक एंजिन, वेग ताशी सुमारे २०० किलोमीटर. विकत घेण्याची किंमत आपण बाजूला ठेवू. खरा हिशेब त्यानंतर सुरू होतो.

खर्च दोन प्रकारचा. पहिला उडताना होणारा. तासाला तीस-पस्तीस लिटर पेट्रोल लागते, तेही विमानाचे खास, ओळखीसाठी निळा रंग घातलेले. एंजिन सुमारे २००० तासांनी पूर्ण उघडून दुरुस्त करावे लागते. शहाणा मालक त्यासाठी दर तासामागे पैसे साठवतो. दुसरा खर्च विमान जागचे हलले नाही तरी होतो : हँगरचे भाडे, विमा. उडते ठेवायचे तर दर बारा महिन्यांनी कायद्याने ठरलेली तपासणीही आली. बरे, न उडवून बचत करावी, तर बंद एंजिनात गंज धरतो!

आता हा भागाकार पाहा. समजा, वर्षाचा ठरलेला खर्च १०,००० डॉलर आणि उडण्याचा तासाला १०० डॉलर आहे. मालक वर्षात ५० तास उडाला, तर एका तासाला २०० अधिक १०० म्हणजे ३०० डॉलर पडले. विमान २०० तास उडाले, तर ५० अधिक १००, म्हणजे निम्मेच! पण नोकरी सांभाळून एकटा माणूस २०० तास उडणार कधी? म्हणून तेथे चौघे मिळून एक विमान घेतात, किंवा फ्लाइंग क्लबचे भाड्याने वापरतात.

सोयीचे काय? १९७०च्या दशकाच्या अखेरीच्या सेसना १७२चे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन १०४३ किलो, रिकामे विमान ६४० किलोच्या आसपास. उरले ४००. टाक्या भरल्या की त्यांतले ११० इंधनाचेच. राहिलेल्या २९० किलोंत पंच्याहत्तर किलोंची चार माणसेसुद्धा मावत नाहीत, सामान तर दूरच. आसने चार असली तरी लांबच्या प्रवासाला माणसे तीनच!

शिवाय हवामान. केवळ उपकरणे पाहून ढगांतून उडण्याचे वेगळे प्रशिक्षण व परवानगी वैमानिकाजवळ नसेल आणि ढग खाली उतरले, तर विमान परगावच्या धावपट्टीवर सोडून मालकाला बसने घरी यावे लागते.