एकशे वीस वॅट, पण कशाचे?

सकाळी १०. ठाण्यातलं आमचं पार्लर उघडलं की पहिलं काम नखांच्या जेलचा लॅम्प आतून पुसायचं. एलईडीवर जेलचा थेंब उडालेला असतो. तो तिथेच घट्ट होतो आणि उजेड अडवतो. मग त्याखालचं नख वरून चकाकतं, आतून कच्चं राहतं.

११. नवरीला गडद मरून हवाय. गडद रंग उजेड आत जाऊ देत नाही, म्हणून थर पातळ. बिल्डर जेलला ती ओरडलीच, "गरम लागतंय!" जेल घट्ट होताना स्वतःच तापतं. हात बाहेर काढायचा, जरा थांबून पुन्हा आत. अंगठे वेगळे, चार बोटांबरोबर ते आडवे पडतात.

दीड. डबा उघडला तोच शिकायला येणाऱ्या मुलीने फोन पुढे केला. "ताई, १२० वॅटचा स्वस्तात मिळतोय. घेऊ?"

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो, एवढंच. नखावर कोणता उजेड पडतो ते त्यातून कळत नाही. जेलमधलं फोटोइनिशिएटर, म्हणजे उजेडाने जेल घट्ट करणारा घटक, ठरावीक तरंगलांबीलाच जागं होतं. हल्लीचे बरेच एलईडी लॅम्प ३६५ आणि ४०५ नॅनोमीटरचे. जुन्या ३६ वॅटच्या लॅम्पमध्ये नऊ-नऊच्या चार नळ्या असत. त्या निळ्या दिसत राहतात, पण दम केव्हाच गेलेला असतो. शिवाय १ सप्टेंबर २०२५पासून युरोपीय संघात टीपीओ या इनिशिएटरवर बंदी आहे. म्हणजे तोच रंग नव्या घटकांनिशी आला, तर जुना लॅम्प त्याला पुरतो का ते पुन्हा बघणं आलं. म्हणून आधी जेल ठरव, मग त्याच कंपनीने सांगितलेला लॅम्प घे. कच्चं जेल कातडीला लागत राहिलं तर ॲक्रिलेटची ॲलर्जी होऊ शकते. ती सहसा जन्माची असते, आणि पुढे दाताच्या सिमेंटलाही नडू शकते.

४. नेहमीच्या काकू. "अगं, या उजेडाने कॅन्सर होतो म्हणे?" २०२३मध्ये सॅन दिएगोच्या संशोधकांना अशा दिव्याखाली पेशींच्या डीएनएला इजा दिसली, पण त्या प्रयोगशाळेतल्या बशीतल्या पेशी होत्या. मी वाद घालत नाही. बोटांची टोकं कापलेले हातमोजे देते आणि उन्हाने त्रास होईल असं औषध चालू आहे का, ते विचारते.

७. शेवटचं गिऱ्हाईक चिकट थर बघून म्हणतं, सुकलं नाही. तो हवेतल्या ऑक्सिजनमुळे उरतो, अल्कोहोलने पुसला की जातो.

साडेआठ. मुलीने जेलच्या बाटलीचा फोटो पाठवला. मागे छापलंय: ६० सेकंद. कोणत्या लॅम्पखाली, ते नाही. दुसरी बाटली बघ, म्हटलं.