सहा मुले, सहा गावे आणि एक काठी

शाळेत न जाणारे मूल म्हटले की आपल्यापुढे दोनच चित्रे उभी राहतात. हॉटेलात कपबश्या विसळणारा पोऱ्या, नाही तर ऊसतोडीच्या टोळीबरोबर फडावर गेलेली मुलगी. दोन्ही चित्रे खरी आहेत आणि दोहोंच्या मुळाशी दारिद्र्यच आहे. परंतु अमेरिकेत शाळेत न जाणाऱ्या मुलांचा एक तिसराच वर्ग आहे. शाळा घराजवळ असते, सरकारी शाळेला फीही नसते, तरीसुद्धा आईवडील विचारपूर्वक मुलाला घरीच शिकवतात. तिकडे याला होमस्कूलिंग म्हणतात. आपण घरशिक्षण म्हणू.

हा मूठभर हौशी लोकांचा उद्योग राहिलेला नाही. तेथील शिक्षण खात्याच्या पाहणीनुसार १९९९ साली अशी सुमारे साडेआठ लाख मुले होती, २०१२ साली ती सुमारे पावणेअठरा लाख झाली. कोरोनाच्या वर्षी तर जनगणना विभागाला असे आढळले की, शाळकरी मुले असलेल्या घरांपैकी २०२० च्या वसंतात ५.४ टक्के घरे घरशिक्षण देत होती आणि त्याच वर्षीच्या शरदात ११.१ टक्के. १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत ही गोष्ट कायदेशीर झाली होती. नियम मात्र राज्याराज्यांत निराळे आहेत. न्यूयॉर्कमध्ये वर्षाची योजना आणि दर तिमाहीचा अहवाल द्यावा लागतो, टेक्ससमध्ये असले काहीच द्यावे लागत नाही. कोणी धर्मासाठी, कोणी शाळेतील वातावरणाला कंटाळून, कोणी मुलाच्या आजारामुळे हा मार्ग धरतो. कारणांच्या खोलात येथे जात नाही, कारण मला सांगायचे आहे ते पुढच्या अडचणीबद्दल.

चौथी-पाचवीपर्यंत घरी शिकवणे फारसे अवघड नसते. वाचन, लेखन, पाढे हे आई सांभाळते. खरी पंचाईत सहावीपासून आठवीपर्यंत होते. बीजगणित येते, विज्ञानातले प्रयोग येतात आणि त्याच वयात मुलाला आईवडिलांपेक्षा बरोबरीची मुले हवीशी वाटू लागतात. पुस्तके घरात आहेत, माहिती तर बोटाच्या टोकावर आहे. नाही तो सहकारी. “तुझे काम झाले का? तुझ्यामुळे माझे अडले आहे,” असे म्हणणारे समवयस्क माणूस घरी नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी जे उपाय निघाले, त्यांतला एक म्हणजे ऑनलाइन लहान गट. वेगवेगळ्या गावांतली पाच-सहा मुले, एक शिक्षक, आठवड्यातून एकदोन बैठका आणि काही आठवडे चालणारा एकच प्रकल्प.

प्रकल्प हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. दुकानातून चित्रे आणून वहीत चिकटवली की प्रकल्प झाला. विज्ञान प्रदर्शनातला ज्वालामुखी बहुधा वडिलांनी केलेला असतो आणि पवनचक्की शेजारच्या सुताराने. प्रकल्प पद्धतीची कल्पना ज्यांच्या निबंधाने जगभर पसरली, त्या कोलंबिया विद्यापीठातील विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांना १९१८ साली हे अभिप्रेत नव्हते. मुलाने स्वतः हेतू धरावा, स्वतः आखणी करावी, ती पार पाडावी आणि झालेल्या कामाचा बरेवाईटपणाही स्वतःच ठरवावा, अशा चार पायऱ्या त्यांनी सांगितल्या. आपल्याकडे १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची नई तालीम पुढे आली, तिच्याही मुळाशी हातांनी काम करत शिकणे हेच होते. तेथे मात्र हस्तव्यवसायातून शाळेचा खर्च निघावा अशीही अपेक्षा होती. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ती फारच आवडते, पण तो विषय वेगळा.

आता पाच-सहा मुलांचा गट इंटरनेटवरून नेमके काय करू शकतो? एक उदाहरण सविस्तर पाहू.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने इजिप्तमधील दोन गावांच्या मध्यान्हीच्या उन्हातला फरक पाहून पृथ्वीचा परीघ काढला. न्यू जर्सीतील स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने हाच प्रयोग मुलांसाठी इंटरनेटवर आणला. ठिकठिकाणच्या शाळांनी विषुवदिनाच्या सुमारास सावली मोजायची आणि एकमेकांचे आकडे घेऊन परीघ काढायचा. घरशिक्षणातील सहा मुलांच्या गटाला हा प्रयोग अगदी मापाने शिवल्यासारखा बसतो. समजा ही मुले मिनियापोलिस, शिकागो, सेंट लुईस, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स आणि ह्यूस्टन अशा सहा शहरांत राहतात.

प्रत्येकाने अंगणात एक मीटर उंचीची काठी उभी करायची. काठी सरळ आहे की नाही हे ओळंब्याने पाहायचे आणि जमीन सपाट आहे की नाही हे पाणसळीने. मग मध्यान्हीची सावली मोजायची. येथेच पहिली गंमत होते. घड्याळात बारा वाजले म्हणजे मध्यान्ह झाली, अशी मुलांची समजूत असते. प्रत्यक्षात मार्चच्या विषुवदिनी अमेरिकेत घड्याळे एक तास पुढे केलेली असतात. शिवाय एकाच प्रमाणवेळेतली शहरे पूर्व-पश्चिम पसरलेली असतात. त्यामुळे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा शिकागोच्या घड्याळात एकला दोनेक मिनिटे कमी असतात, तर ह्यूस्टनमध्ये जवळजवळ दीड वाजलेला असतो. मग मध्यान्ह ओळखायची कशी? दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करत जायचे. सर्वांत आखूड सावली ती मध्यान्हीची. ही युक्ती शिक्षकाने आधी सांगायची नसते. मुलांचे आकडे जुळत नाहीत, वाद होतो आणि त्या वादातून कोणी तरी ती काढतो.

मिनियापोलिस सुमारे ४५ अक्षांशावर आहे. तेथे एक मीटर काठीची सावली जवळजवळ एक मीटरच पडते. न्यू ऑर्लिन्स ३० अक्षांशावर आहे, तेथे ती ५८ सेंटिमीटरच्या आसपास भरते. या वयाच्या मुलांना त्रिकोणमिती येत नाही आणि तिची गरजही नाही. काठी आणि सावली प्रमाणात कागदावर काढायची आणि काठीच्या टोकाशी होणारा कोन कोनमापकाने मोजायचा. एका ठिकाणी ४५ अंश, दुसऱ्या ठिकाणी ३०, म्हणजे फरक १५. पूर्ण वर्तुळात असे २४ भाग बसतात. नकाशावरून या दोन शहरांमधले दक्षिणोत्तर अंतर सुमारे १,६७० किलोमीटर येते. रस्त्याचे अंतर घेऊन चालत नाही, हेही बहुधा एकदा चुकल्यावरच कळते. १,६७० ला २४ ने गुणले की ४०,०८०. पृथ्वीचा ध्रुवांवरून मोजलेला परीघ आहे सुमारे ४०,००८ किलोमीटर.

पण आकडा नेहमी असा गोजिरवाणा येत नाही. मिनियापोलिसच्या मुलाची काठी किंचित कलली आणि सावली १०० ऐवजी साडेशहाण्णव सेंटिमीटर भरली, तर कोन एका अंशाने कमी होतो आणि पृथ्वी एकदम ४३,००० किलोमीटरची होते. साडेतीन सेंटिमीटरांच्या चुकीने तीन हजार किलोमीटर! ही चूक पकडायची कशी, तर सहा शहरांच्या जोड्या लावून. सहा मुलांच्या जोड्या होतात पंधरा, म्हणून परीघाची उत्तरेही पंधरा निघतात. ज्या जोड्यांत मिनियापोलिस आहे त्या पाचच बिघडलेल्या दिसल्या, की दोष कोठे आहे हे न सांगता कळते. शिवाय सर्वच जोड्या उपयोगी नाहीत, हेही दिसते. न्यू ऑर्लिन्स आणि ह्यूस्टन जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. त्यांच्या सावल्यांत जेमतेम चार मिलिमीटरांचा फरक पडतो. त्या जोडीतून पृथ्वीचा परीघ काढायला बसले तर वाटेल ते उत्तर येते.

आता या सगळ्यातून गटाच्या आकाराविषयी काय दिसते ते पाहा. एखाद्या गावी ढग आले आणि एका मुलाचा आकडा आला नाही, तर पंधरांपैकी पाच जोड्या गेल्या. त्याची अनुपस्थिती सर्वांना जाणवते. चाळीस मुलांच्या वर्गात एकाने सावली मोजलीच नाही, किंवा शेजाऱ्याच्या वहीतून आकडा उतरवला, तर तो सरासरीत बुडून जातो. कोणाचे काही बिघडत नाही. आम्ही वाणिज्यवाले हा भेद भागीदारी आणि संयुक्त भांडवली कंपनीच्या भाषेत शिकतो. भागीदारीत प्रत्येक जण दुसऱ्याच्या कृत्यालाही जबाबदार असतो, म्हणून तो दुसऱ्याच्या वहीत डोकावतो. कंपनीचा भागधारक वार्षिक सभेची नोटीस रद्दीत टाकून स्वस्थ झोपू शकतो.

याला प्रयोगाचाही आधार आहे. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आकड्यांनुसार आठ माणसे एकत्र ओढू लागली की प्रत्येकाचा वाटा एकट्याच्या जोराच्या निम्म्यावर येतो. म्हणजे नुसता गट लहान केला म्हणून भागत नाही. आठ हा आकडा काही मोठा नव्हे. पुढे १९८१ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना गटाने ओरडायला लावून पाहिले. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जात आहे असे सांगितले, तेव्हा ही टाळाटाळ नाहीशी झाली. सावलीच्या प्रयोगात नेमके हेच घडते. सहा आकडे, सहा नावे.

म्हणून माझ्या मते ऑनलाइन शिक्षणाचे दोन प्रकार एका मापाने मोजू नयेत. २०२० मध्ये आम्ही शाळेत होतो. मोबाइलच्या पडद्यावर नावांची रांग दिसे आणि पलीकडे कोण बसले आहे, कोण जेवत आहे, काही कळत नसे. त्या शिक्षणात अंतर ही अडचण होती. सावलीच्या प्रयोगात अंतर हेच भांडवल आहे. सहाही मुले एकाच गल्लीत राहत असती तर प्रयोगच झाला नसता. जो प्रकल्प मुले एकत्र बसून अधिक चांगला करू शकली असती, तो मुद्दाम पडद्यावरून करण्यात फारसा अर्थ नाही. पण अशी कामेही पुष्कळ गट करतात, हेही सांगितले पाहिजे. लहान गटाचे महत्त्व तर कर्नाटकाने इंटरनेटशिवायही पाहिले आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या विद्यागम योजनेत शिक्षक गावोगावी जाऊन देवळाच्या आवारात, झाडाखाली मुलांचे लहान गट घेत होते. संसर्गाच्या भीतीने ऑक्टोबरमध्ये ती थांबवावी लागली.

आता खर्च. आकडे अंदाजी आहेत आणि समजायला सोपे जावे म्हणून रुपयांत मांडतो. शिक्षकाला एका तासिकेचे १,२०० रुपये द्यायचे असतील, तर चाळीस मुलांत प्रत्येकी ३० रुपये येतात, सहांत २००. बारा तासिकांचा प्रकल्प ३६० रुपयांऐवजी २,४०० रुपयांचा होतो. त्याबदली तासातली दीड मिनिटाऐवजी दहा मिनिटे मुलाच्या वाट्याला येतात. गटातील एक मूल मध्येच गेले तर तुटीचा बोजा उरलेल्या पाचांवर पडतो, म्हणून असे गट टिकवणे अवघड असते. परंतु हा झाला वहीत लिहिला जाणारा खर्च. वहीत न येणारा मोठा खर्च म्हणजे दिवसभर घरी राहणारे माणूस, आणि ते बहुतेक ठिकाणी आईच असते. तिने सोडलेली नोकरी हा अर्थशास्त्रातला वैकल्पिक परिव्यय होय. तो मांडला तर घरशिक्षण स्वस्त आहे, असे कोणी म्हणणार नाही. एकट्या कमावत्या आईला हा मार्ग जवळजवळ बंदच.

भारतातली स्थिती थोडी वेगळी आहे. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य ठरवले. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय २०१२ च्या दुरुस्तीने मिळाला. इतरांच्या घरशिक्षणाला परवानगी असे कायदा म्हणत नाही आणि न घालणाऱ्या पालकाला शिक्षाही सांगत नाही. चौदा वर्षे पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीला बसता येते आणि घरी शिकवणारे पुष्कळ पालक त्याच वाटेने जातात.

सावलीच्या प्रयोगाला मात्र ना परवानगी लागते ना घरशिक्षण. आपल्यापैकी अनेकांचे मामा, आत्या ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याकडे आहेत आणि तेथे सहावी-सातवीतली भावंडे आहेत. मार्चच्या विषुवदिनाला आपल्याकडे परीक्षा असतात, सप्टेंबरच्या विषुवदिनाला बेळगावात ढग असतात. पण विषुवदिनच हवा असे नाही. दोन्हीकडे एकाच दिवशी मोजले म्हणजे झाले. २१-२२ डिसेंबरला आकाश बहुधा निरभ्र असते. त्या दिवशी मध्यान्ही एक मीटर काठीची सावली बेळगावात सुमारे ८२ सेंटिमीटर आणि ग्वाल्हेरला सुमारे १ मीटर १८ सेंटिमीटर भरायला हवी. दोहोंमधले दक्षिणोत्तर अंतर सुमारे १,१५० किलोमीटर आहे. पुढचा भागाकार भावंडांनी करावा.